डीसी रिबर्थनंतर कोणत्या मालिका चालू ठेवाव्यात, कोणत्या सोडाव्यात?

अनुक्रम | २० जून २०१६, रात्री ९:४०

अमेरिकन कॉमिक्स प्रकाशक डीसीचा 'डीसी युनिव्हर्स: रिबर्थ' हा ८० पानी अंक २५ मे रोजी आला आणि जूनपासून डीसीने जवळपास सगळ्या मालिका नव्याने सुरू केल्या. २०११ च्या 'न्यू ५२'मध्ये एका महिन्यात ५२ पहिले अंक आले, पण तेव्हा प्रत्येक मालिका महिन्यातून एकदाच यायची. या वेळी बॅटमॅन, सुपरमॅन, ॲक्शन कॉमिक्स, डिटेक्टिव्ह कॉमिक्स, वंडर वुमन, फ्लॅश, ॲक्वामॅन, ग्रीन ॲरो, ग्रीन लँटर्न्स या सगळ्या महिन्यातून दोनदा येणार आहेत. अंकाची किंमत २.९९ डॉलर आहे, ती कमी वाटते. पण एका मालिकेचे महिन्याला ५.९८ आणि वर्षाला ७१.७६ डॉलर होतात. आधी चालू असलेल्या आठ मालिका तशाच ठेवल्या तर महिन्याचा खर्च ४७.८४.

मर्यादा ३० डॉलरची आहे, म्हणजे दहा अंक. छापील अंकच हवेत, दुकानात पुल लिस्ट (ठरलेले अंक ग्राहकाच्या नावाने बाजूला ठेवण्याची यादी) आहे, ठिकाण न्यू जर्सी. कोणत्या मालिका ठेवाव्यात यापेक्षा ठरवावे कसे, हे जाणकारांनी सांगितले तर जास्त उपयोग होईल. विशेषतः:

– पहिले कथानक पूर्ण वाचून मगच निर्णय घ्यावा का?
– सुपरमॅन आणि ॲक्शन दोन्ही घेणे गरजेचे आहे का?
– ॲक्शन #९५७ आणि डिटेक्टिव्ह #९३४ हे क्रमांक आले कुठून? न्यू ५२ चे अंक यांच्या आधी ठेवायचे की वेगळे?

---

बुधवारकर | २० जून २०१६, रात्री ११:०५

पहिल्या प्रश्नातच खरी मेख आहे. 'कथानक वाचून ठरवू' हे म्हणायला सोपे आहे, पण दुकानाची मागणी त्या वेळापत्रकाने चालत नाही.

दुकानदार प्रीव्ह्यूज या येणाऱ्या अंकांच्या कॅटलॉगवरून साधारण दोन महिने आधी मागणी नोंदवतो. ती वाढवण्या-घटवण्याची शेवटची मुदत अंक बाजारात येण्याच्या साधारण तीन आठवडे आधी, सोमवारी संपते. त्यानंतर तुमच्या नावाचा अंक येणारच आणि बहुतेक अंक दुकानदाराला परत करता येत नाहीत. (रिबर्थच्या सुरुवातीच्या अंकांना डीसीने परतीची सोय दिली आहे. ती दुकानदारासाठी आहे, ग्राहकाने ती गृहीत धरू नये.)

आता बॅटमॅनचे गणित मांडा. #१ आला १५ जूनला. पहिले कथानक #६ पर्यंत आहे आणि #६ येणार ७ सप्टेंबरला. #७ येणार २१ सप्टेंबरला, म्हणजे त्याची मुदत ऑगस्टच्या शेवटी संपते. कथानकाचा शेवट हातात पडण्याआधीच पुढचा अंक तुमच्या नावावर लागलेला असतो. मासिक मालिकेत #६ वाचल्यावर #७ ला चार आठवडे मिळायचे आणि निर्णयाला निदान एक आठवडा उरायचा. दोनदा निघणाऱ्या मालिकेत तोही उरत नाही.

म्हणून निर्णय चौथ्या अंकावर घ्या. #४ येईल ३ ऑगस्टला. तोपर्यंत लेखकाचा सूर कळलेला असतो, चित्रकार टिकतो की नाही ते दिसलेले असते आणि #७ ची मुदत संपलेली नसते. दुकानदाराला त्याच आठवड्यात सांगायचे, 'या मालिकेचा #६ शेवटचा.' नुसते 'बंद करा' म्हणू नका. 'बंद करा' म्हटले की कोणी लगेच बंद करतो, कोणी पुढच्या कॅटलॉगपासून करतो, आणि मधला एखादा अंक गळतो.

सोडायचे ते कथानकाच्या शेवटालाच. सलग #१ ते #६ असलेला संच कोणी तरी विकत घेते. #१ ते #४ चा अर्धवट संच कोणाला नको असतो.

आणखी एक, नवे अंक बुधवारी येतात, तेव्हा बुधवारांची वाटणी बघून ठेवा. बॅटमॅन, सुपरमॅन, ग्रीन ॲरो, ग्रीन लँटर्न्स पहिल्या आणि तिसऱ्या बुधवारी. ॲक्शन, डिटेक्टिव्ह, फ्लॅश, वंडर वुमन दुसऱ्या आणि चौथ्या. निवड करताना दोन्ही बाजूंना सारखे अंक ठेवले तर दर आठवड्याचा खर्च समान राहतो.

---

रेषा_आणि_शाई | २१ जून २०१६, सकाळी ८:१५

बुधवारकरांना अनुमोदन. त्यात चित्रांची बाजू घालते, कारण दोनदा निघणाऱ्या मालिकेत सगळ्यात आधी तीच डगमगते.

एक चित्रकार महिन्यात साधारण वीस पाने पेन्सिलने पुरी करतो, आणि तीही जोरात काम चालले तर. महिन्याला चाळीस पाने एका हाताने होत नाहीत. म्हणजे प्रत्येक मालिकेत दोन किंवा तीन चित्रकार आलटून पालटून येणार. प्रश्न एवढाच, की ही पाळी विचार करून लावली आहे की ऐन वेळी भरती केली आहे.

वंडर वुमनमध्ये ती विचार करून लावली आहे, आणि ज्यांना ठाऊक नाही ते जुलैत गोंधळणार म्हणून आत्ताच सांगते. ग्रेग रकाने दोन कथानके समांतर चालवली आहेत. विषम क्रमांकांत वर्तमानातली गोष्ट, चित्रे लियम शार्पची. सम क्रमांकांत उगमाची गोष्ट, चित्रे निकोला स्कॉटची. उद्या #१ येईल आणि १३ जुलैला #२, पण #२ हा #१ चा पुढचा भाग नसेल. #१ नंतरची गोष्ट #३ मध्ये वाचायची. दोन्ही चित्रकारांना एका अंकासाठी पुरा महिना मिळतो, आणि लेखक दोघांसाठी एकच. दोनदा निघणारी मालिका अशी बांधली तर काम उतरत नाही.

खर्चाच्या दृष्टीनेही याचा फायदा आहे. फारच हात आखडावा लागला तर फक्त विषम किंवा फक्त सम अंक घेऊनही एक पूर्ण गोष्ट मिळते. दुसऱ्या कुठल्या मालिकेत हे जमणार नाही.

बॅटमॅनवर टॉम किंग आणि डेव्हिड फिंच. पाळीत मिकेल हानिन आहे. रिबर्थच्या एकांकी (एकाच अंकात संपणाऱ्या) अंकाची चित्रे हानिननेच केली आहेत, तेव्हा नमुना समोर आहे. डिटेक्टिव्हवर जेम्स टिनियन आणि एडी बॅरोज, जोडीला अल्वारो मार्टिनेझ. सुपरमॅनवर पीटर टोमासी आणि पॅट्रिक ग्लिसन ही जुनी जोडी. न्यू ५२ मधली 'बॅटमॅन अँड रॉबिन' यांनीच चालवली. ग्लिसन दमेल तेव्हा डग मान्की. या तिन्ही मालिकांचे चित्रकार एकमेकांच्या जवळ जाणारे आहेत, कथानकाच्या मध्ये चेहरे बदलल्यासारखे वाटणार नाहीत.

निवडताना मुखपृष्ठावरचे नाव बघू नका. पुढच्या तीन महिन्यांच्या कॅटलॉगमधल्या जाहिरातींत आतल्या पानांचा चित्रकार कोण दिला आहे ते अंकागणिक लिहून काढा. सहा अंकांत चार वेगळी नावे दिसली तर ती मालिका संकलनासाठी (अनेक अंक एकत्र बांधलेल्या पुस्तकासाठी) सोडा.

---

जुना_पेटारा | २१ जून २०१६, दुपारी १:३०

क्रमांकांचे उत्तर.

ॲक्शन कॉमिक्स १९३८ पासून चालू. २०११ मध्ये #९०४ वर थांबवून न्यू ५२ ने पुन्हा #१ पासून सुरू केले आणि ती मालिका #५२ वर संपली. ९०४ अधिक ५२ म्हणजे ९५६, म्हणून आताचा #९५७. डिटेक्टिव्हचेही तसेच: #८८१ वर थांबले, पुढे ५२ अंक, बेरीज ९३३, म्हणून #९३४.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, ॲक्शन #९०५ ते #९५६ आणि डिटेक्टिव्ह #८८२ ते #९३३ या क्रमांकांचे अंक छापलेच गेलेले नाहीत. जुन्या अंकांच्या यादीत ते 'हवे आहेत' म्हणून लिहू नका. दोन, सप्टेंबर २०१२ चे #० आणि सप्टेंबर २०१३ च्या खलनायक महिन्याचे #२३.१, #२३.२ वगैरे अंक या बेरजेत धरलेले नाहीत. न्यू ५२ चा ॲक्शन संच पूर्ण म्हणायचा तर #१ ते #५२, शिवाय #० आणि #२३.१ ते #२३.४ लागतात. वार्षिक अंक वेगळे.

पेटीत क्रम असा: #९०४ पर्यंतचे, मग दुभाजक, मग न्यू ५२ चे #१ ते #५२ (#० हा #१२ नंतर, कारण तो त्याच वेळी निघाला), मग दुभाजक, मग #९५७. बॅटमॅन, सुपरमॅन, वंडर वुमन, फ्लॅश यांना जुने क्रमांक परत दिलेले नाहीत, तिथे पुन्हा #१ आहे. त्यांचा 'रिबर्थ' एकांकी अंक #१ च्या आधी ठेवायचा. बॅटमॅनचा तो अंक आधीचा लेखक स्नायडर आणि आताचा किंग या दोघांनी मिळून लिहिला आहे, त्यामुळे तो दोन्ही कारकिर्दींमधला दुवा आहे, सोडू नये. ॲक्शन आणि डिटेक्टिव्हला असा एकांकी अंक नाही.

माझे मत: #१००० जवळ येतो आहे. महिन्याला दोन या वेगाने ॲक्शनला ४३ अंक म्हणजे दोन वर्षांच्या आत. संग्राहकाने ॲक्शन आत्ता सोडू नये.

---

रेषा_आणि_शाई | २१ जून २०१६, दुपारी ३:००

जुना_पेटारा, क्रमांकांची फोड उत्तम, पण शेवटच्या सल्ल्याशी सहमत नाही. #१००० हवा असेल तर #१००० घ्यावा, तो भरपूर छापला जाईल. त्यासाठी मधले ४२ अंक, म्हणजे सव्वाशे डॉलर, घालवायचे ते गोष्ट आवडली तरच. क्रमांक हे मालिका चालू ठेवण्याचे कारण नव्हे.

---

जुना_पेटारा | २१ जून २०१६, दुपारी ३:४५

सलग संच ही स्वतंत्र आवड आहे आणि तिचा मान राखायला हवा. #९०४ पर्यंत वर्षानुवर्षे सलग असलेल्या माणसाला #९५७ सोडणे जड जाईल. पण अनुक्रम यांनी दहा अंकांची मर्यादा घातली आहे, तेव्हा त्यांच्यापुरते तुमचे म्हणणे मान्य.

ॲक्शन की सुपरमॅन, एवढेच ठरवायचे तर हे लक्षात घ्या. न्यू ५२ चा सुपरमॅन या वसंतात 'फायनल डेज' कथानकात मेला. आता दोन्ही मालिकांत आहे तो २०११ पूर्वीचा सुपरमॅन, पत्नी लोइस आणि मुलगा जॉन यांच्यासह. सुपरमॅन ही मालिका बाप-मुलाची. ॲक्शन, डॅन जर्गेन्सचे लेखन, ही लेक्स लुथर, डूम्सडे आणि 'हा साधा माणूस असलेला क्लार्क केंट कोण' या कोड्याची. दोन्ही स्वतंत्र वाचता येतात. एकच घ्यायची तर सुपरमॅन. पण त्या आधी २०१५-१६ ची 'सुपरमॅन: लोइस अँड क्लार्क' ही आठ अंकांची मालिका मिळवून वाचा, ती जर्गेन्सचीच आहे. हे कुटुंब इथे आले कसे आणि लपून का राहिले ते तिथे आहे. नव्या #१ मध्ये ते पुन्हा सविस्तर सांगितलेले नाही.

---

बुधवारकर | २१ जून २०१६, रात्री १०:२०

फ्लॅशबद्दल एक धोक्याची सूचना. २५ मेच्या अंकात वॉली वेस्ट (आधीचा एक फ्लॅश) परत आला म्हणून बरेच जण फ्लॅशची मालिका लावत आहेत. फ्लॅश ही बॅरी ॲलनची मालिका आहे. परतलेला वॉली 'टायटन्स'मध्ये आहे, आणि टायटन्स मासिक आहे, #१ जुलैच्या शेवटी. वॉलीसाठी घेणाऱ्याने टायटन्स घ्यावी, महिन्याला तीन डॉलर वाचतील.

तसेच त्याच अंकात बॅटमॅनच्या गुहेत सापडलेल्या बटणाचे रहस्य दर मालिकेत पुढे सरकेल या आशेने काही घेऊ नका. सप्टेंबरपर्यंतच्या जाहिरातींत त्याचा मागमूस नाही.

सप्टेंबरच्या जाहिरातींत आहे ते 'नाईट ऑफ द मॉन्स्टर मेन'. बॅटमॅन #७ आणि #८, नाईटविंग #५ आणि #६, डिटेक्टिव्ह #९४१ आणि #९४२, अशी सहा भागांची एक गोष्ट तीन मालिकांत. बॅटमॅन आणि डिटेक्टिव्ह घेणाऱ्याला नाईटविंगचे दोन अंक जादा लागणार, एक सप्टेंबरात आणि एक ऑक्टोबरात.

म्हणून दहापैकी दहा जागा भरू नका. नऊ भरा, एक रिकामी ठेवा. असे जोड-कथानक, वार्षिक अंक, पाचव्या बुधवारचे जादा अंक, हे सगळे त्या रिकाम्या जागेत बसवायचे. बजेट नेहमी इथेच फुटते: ठरलेल्या मालिका बजेटात असतात आणि जोड-अंक बाहेर.

---

कोकणकडा | २४ जून २०१६, सायंकाळी ६:१०

भारतात पाठवायचे किंवा साठवायचे असेल त्यांच्यासाठी थोडे.

पिशवी 'करंट' मापाची घ्या, रुंदी ६ ७/८ इंच. 'सिल्व्हर एज' मापाच्या रुंद पिशवीत आजचा अंक हलतो आणि कोपरे दबतात. बोर्ड (अंकामागे ठेवायचा पुठ्ठा) आम्लरहित हवा. पॉलिप्रॉपिलिनची पिशवी साध्या पॉलिइथिलिनपेक्षा कडक आणि स्वच्छ असते, पण तीही काही वर्षांनी बदलावी लागते. दीर्घकाळ ठेवायच्या मोजक्या अंकांना मायलर (पॉलिएस्टर) पिशवी.

एक अंक, पिशवी आणि बोर्डासह, साधारण ९० ते १०० ग्रॅम भरतो. विमानातल्या २३ किलोच्या बॅगेत बाकी काहीच नाही असे धरले तरी दोनशेच्या आसपास. चार मालिका महिन्यातून दोनदा म्हणजे वर्षाला ९६ अंक, नऊ-दहा किलो. हे वजन आत्ताच डोळ्यांसमोर ठेवा. प्रवासात बोर्डासकट उभे ठेवा आणि दोन्ही टोकांना जाड पुठ्ठा लावा. आडवे रचले की खालच्या अंकांच्या कण्यावर ताणाच्या पांढऱ्या रेघा उठतात आणि त्या जात नाहीत.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत खरा शत्रू म्हणजे स्टेपलचा गंज. इंद्रजालचे मराठी अंक जपणाऱ्यांना तो पुरता ओळखीचा आहे: आधी स्टेपलभोवती तपकिरी डाग, मग मधले पान सुटते. पुठ्ठ्याची पेटी फरशीवर ठेवू नका, भिंतीलाही चिकटवू नका, चार बोटे जागा सोडा. सिलिका जेलच्या पुड्या पेटीत ठेवल्या तर महिन्याला तपासा. रंग बदलणाऱ्या पुड्या घ्या म्हणजे संपलेली कळते. पुडी भिजून तशीच राहिली तर तिचा काही उपयोग नाही. जून ते सप्टेंबर पेटी उघडायची ती कोरड्या दिवशी, दुपारी. डांबराच्या गोळ्या पेटीत अजिबात नकोत, त्यांची वाफ प्लास्टिकला आणि कागदाला दोन्हींना लागते.

पेटी अर्धी भरली असेल तर अंक तिरके झुकतात आणि महिन्याभरात वाकतात. उरलेल्या जागेत पुठ्ठ्याचा ठोकळा बसवा. पण ठासूनही भरू नका, अंक दोन बोटांनी अलगद वर आला पाहिजे.

---

अनुक्रम | २६ जून २०१६, रात्री ८:३०

सर्वांचे मनापासून आभार. यादी अशी करतो आहे: बॅटमॅन २, सुपरमॅन २, डिटेक्टिव्ह २, वंडर वुमन २, टायटन्स १. एकूण नऊ, २६.९१ डॉलर. दहावी जागा रिकामी. ॲक्शन संकलनातून.

अजून एक विचारायचे राहिले. दुकानात एकाच अंकाची दोन मुखपृष्ठे दिसतात आणि काही अंकांच्या दुसऱ्या छपाईचे बोलणे चालू आहे. नेमकी पहिली छपाई ओळखायची कशी?

---

जुना_पेटारा | २६ जून २०१६, रात्री ९:१५

बारकोड बघा. मुख्य पट्ट्याच्या उजवीकडे पाच आकड्यांचा छोटा पट्टा असतो. पहिले तीन आकडे अंकाचा क्रमांक, चौथा मुखपृष्ठ कितवे, पाचवा छपाई कितवी. ००१११ म्हणजे अंक १, पहिले मुखपृष्ठ, पहिली छपाई. ००१२१ म्हणजे तोच अंक, दुसरे मुखपृष्ठ, पहिली छपाई. ००११२ म्हणजे दुसरी छपाई. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून बारकोडाचा फोटो मागवा, नुसत्या मुखपृष्ठाच्या फोटोवर विसंबू नका.

रिबर्थमध्ये दुसरे मुखपृष्ठही त्याच किमतीला आहे आणि मागाल तेवढे मिळते. आतला मजकूर तोच. कोणते हवे ते पुल लिस्टवर मालिकेगणिक लिहून द्या. लिहिले नाही तर दुकानदार हाताला येईल ते ठेवतो.

---

बुधवारकर | २८ मे २०१७, रात्री १०:००

धागा वर काढतो आहे, कारण वर्ष होत आले आणि काही गोष्टी आता पक्क्या झाल्या.

रिकाम्या जागेचा हिशोब: मॉन्स्टर मेनला नाईटविंगचा महिन्याला एक, बसला. ३० नोव्हेंबरच्या पाचव्या बुधवारी बॅटमॅन आणि सुपरमॅनचे वार्षिक अंक एकाच दिवशी, ४.९९ चे, तिथे एक निवडावा लागला असता. मार्चमधल्या 'सुपरमॅन रिबॉर्न'ला मात्र जागा पुरली नाही: सुपरमॅन #१८, ॲक्शन #९७५, सुपरमॅन #१९, ॲक्शन #९७६, चारही एकाच महिन्यात, आणि #९७५ जाड व महाग. ॲक्शनमधल्या क्लार्क केंटच्या कोड्याचे उत्तर इथेच आहे. फक्त सुपरमॅन घेणाऱ्यांनी ॲक्शनचे हे दोन अंक मागून मिळवावेत. एप्रिल-मे मधल्या 'द बटण'साठी बॅटमॅन #२१, #२२ आणि फ्लॅश #२१, #२२. फ्लॅशचा महिन्याला एकच, जागेत बसला.

'बटण'चे हलते (तिरके धरले की चित्र बदलणारे) मुखपृष्ठ ३.९९, साधे २.९९. हलते घेतले असेल तर ते प्लास्टिकचे, जाड आणि वाकायची सवय असलेले आहे. साध्या बोर्डाला ते ओढून घेते. मागे दोन बोर्ड घाला आणि पेटीत त्याच्या शेजारी साधे, बिनपिशवीचे अंक ठेवू नका, खडबडीत पृष्ठभागाने मुखपृष्ठ घासते.

---

रेषा_आणि_शाई | २९ मे २०१७, सकाळी ९:००

संकलनांचे आकडे आता हाती आहेत. बॅटमॅनचे पहिले संकलन, रिबर्थ अंक आणि #१ ते #६, १६.९९ ला. सुटे सात अंक २०.९३ ला पडतात. म्हणजे थांबणाऱ्याचे चार डॉलर वाचतात आणि वाट पाहावी लागते साडेचार महिने. चार डॉलरसाठी सुटे अंक सोडावेत असे मी म्हणणार नाही. जी मालिका एकदाच वाचायची आहे तिच्यासाठी मात्र संकलनच बरे.

वंडर वुमनच्या संकलनांनी मांडणी उलगडली आहे: पहिल्या खंडात विषम अंक, दुसऱ्यात #२ पासून #१४ पर्यंतचे सम. सुटे अंक असणाऱ्यांनीही एकदा त्याच क्रमाने वाचून पाहावे: आधी #१, ३, ५, ७, ९, ११, मग #२, ४, ६, ८, १०, १२, १४. मधला #८ बिल्किस एव्हलीने काढला आहे आणि तो बार्बरा ॲन मिनर्व्हाची (हीच पुढे चीता होते) गोष्ट सांगतो. तो समांत धरला आहे, पण विषम कथानकातली चीता समजायला त्याचा जास्त उपयोग होतो.

रका #२५ नंतर थांबतो आहे. तिथे थांबायचे असेल तर आत्ताच दुकानात 'शेवटचा #२५' असे सांगा. त्या अंकात दोन्ही धागे मिटतात, इतका स्वच्छ थांबा परत मिळणार नाही.

---

अनुक्रम | १५ जुलै २०१८, सायंकाळी ७:२०

पुन्हा तोच प्रश्न घेऊन येतो आहे. एप्रिलमध्ये ॲक्शन #१००० आला, ८० पानी, ७.९९. टोमासी-ग्लिसनची सुपरमॅन #४५ ला संपली. मग ब्रायन मायकेल बेंडिसची 'मॅन ऑफ स्टील' सहा आठवडे, आणि आता सुपरमॅन पुन्हा #१, मासिक, ३.९९, चित्रे इव्हान रेईसची. २५ जुलैला ॲक्शन #१००१, चित्रे ग्लिसनची. चालू ठेवावे का, आणि पेटीत लावावे कसे?

---

रेषा_आणि_शाई | १५ जुलै २०१८, रात्री ९:०५

दोन्ही मासिक झाल्या ही चित्रांसाठी चांगली बातमी. एका महिन्यात एक अंक रेईस पेलू शकतो. महिन्याचा खर्चही बघा: पूर्वी एका सुपरमॅनचे ५.९८ जात होते, आता सुपरमॅन आणि ॲक्शन मिळून ७.९८. पण लेखक बदलला आहे आणि तो पूर्ण वेगळ्या घाटणीचा आहे, संवादाने पान भरणारा. टोमासीसाठी मालिका घेणाऱ्याने ती सवयीने पुढे चालवू नये. नवी मालिका समजून चौथ्या अंकावर निर्णय घ्यावा. मासिक असल्यामुळे आता मुदतीची तेवढी घाई नाही.

---

जुना_पेटारा | १५ जुलै २०१८, रात्री १०:४०

लावण्याबद्दल. टोमासी-ग्लिसनची गोष्ट #४५ वर संपल्यासारखी दिसते, पण मे महिन्यात 'सुपरमॅन स्पेशल' #१ आला, तो त्यांच्याच कारकिर्दीचा आहे. जर्गेन्सच्या ॲक्शनलाही तसाच 'ॲक्शन कॉमिक्स स्पेशल' #१ आहे. पुल लिस्टवर मालिकेचे नाव वेगळे असल्याने हे दोन्ही अंक अनेकांच्या हातून सुटले आहेत. दुकानात जुन्या अंकांच्या खोक्यात 'स्पेशल' किंवा 'एस' खाली शोधा.

क्रम असा: सुपरमॅन #१ ते #४५, वार्षिक अंक, स्पेशल, मग 'मॅन ऑफ स्टील' #१ ते #६, मग दुभाजक, मग नवा #१. ॲक्शनला दुभाजक नको, #१००० नंतर स्पेशल आणि पुढे थेट #१००१. दुभाजकावर खंड क्रमांक लिहू नका, तो मुखपृष्ठावर छापलेला नसतो आणि प्रत्येक जण वेगळा मोजतो. सुरू झाल्याचे वर्ष लिहा: सुपरमॅन २०११, सुपरमॅन २०१६, सुपरमॅन २०१८. दुकानदाराशी बोलतानाही वर्षच सांगा, म्हणजे #१२ मागितल्यावर भलत्याच मालिकेचा #१२ हातात येणार नाही.